शिशाच्या माशाची आखणी

एक सोळांश औंसाची, म्हणजे पावणेदोन ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरा किंवा पिवळा ठिपका द्यायचा आणि तो वाळला की त्याच्या आत निम्म्या व्यासाचा काळा. अमेरिकेत जानेवारी-फेब्रुवारीत, उत्तरेकडची तळी गोठलेली आणि दक्षिणेकडची गारठलेली असताना, गळाने मासे धरणारी असंख्य माणसं गराजमध्ये, तळघरात, नाहीतर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर हेच काम करत बसलेली असतात. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की क्रॅपी मासा अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. तोवर डबे भरलेले हवेत.

जिग म्हणजे डोक्याशी शिसं ओतलेला गळ. साध्या गळाचा दांडा सरळ असतो. जिगच्या गळाचा दांडा नेढ्याजवळ काटकोनात किंवा त्याहून थोडा कमी वाकवलेला असतो आणि त्या वाकावर शिशाचं डोकं बसतं. नेढं डोक्याच्या वरच्या बाजूला येतं, त्यामुळे दोरी ओढली की जिग उसळतो, ढिली सोडली की डोकं खाली करून बुडतो. डोक्यामागे दांड्यावर पिसं, हरणाच्या शेपटीचे केस किंवा रबराच्या बारीक पट्ट्या दोऱ्याने बांधतात. बाजारात हे सगळं तयार मिळतं आणि महागही नसतं. तरीही घरी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण आपल्या तळ्याला, आपल्या माशाला हवं ते नेमकं वजन आणि नेमका रंग दुकानात मिळेलच असं नाही. शिवाय बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत जिग अडकून तुटणारच असतो, तिथे स्वतः ओतलेला जिग गमवायला माणूस कचरत नाही. टेनेसीतलं रीलफूट तळं याचं चांगलं उदाहरण आहे. 1811-12 च्या न्यू मॅड्रिडच्या भूकंपांत जमीन खचून ते तयार झालं आणि आजही त्याच्या पाण्यात सायप्रसची झाडं आणि जुने बुंधे उभे आहेत. क्रॅपी त्या बुंध्यांच्याच आडोशाला असतो, आणि त्याच बुंध्यांत जिग अडकतात.

आपल्या कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी लावतो, तारलीचा तुकडा लावतो, माकळाची पट्टी लावतो. त्या आमिषाला वास असतो, चव असते. मासा ते ओळखतो ते अनेक वाटांनी, त्यामुळे आमिष दिसतं कसं याची फारशी काळजी कुणी करत नाही. आमिष खोटं असलं की मात्र सगळा भार दिसण्यावर आणि हलण्यावर येतो. अलीकडे रत्नागिरी, मालवण आणि गोव्याच्या खडकांवर रॉड घेऊन उभे राहणारे तरुण धातूचे जिग वापरू लागले आहेत. त्यांच्या डब्यांतल्या जवळजवळ सगळ्या जिगना डोळे असतात, पण ते कारखान्यातूनच चिकटून आलेले. स्वतःच्या हाताने डोळा काढणाऱ्याला त्याआधी बरंच काही करावं लागतं, आणि ते समजल्याशिवाय त्या दोन ठिपक्यांचं महत्त्व कळत नाही.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्याकडे पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावणाऱ्या मच्छीमाराला हा धातू नवा नाही. मऊ, जड, स्वस्त, आणि साध्या चुलीवर वितळणारा. अमेरिकेतले घरगुती ओतकाम करणारे विजेवर चालणारं छोटं भांडं वापरतात आणि दोन पाखांचा ॲल्युमिनियमचा साचा. असे साचे बनवणारी डू-इट ही कंपनी आयोवा राज्यातल्या डेन्व्हर नावाच्या लहानशा गावात आहे. साच्यात गळ मांडायचे, पाखं मिटायची, शिसं ओतायचं, काही सेकंदांत साचा उघडायचा. पूर्वी लोक टायरला लावायची जुनी वजनं गोळा करून वितळवत. आता त्यांत जस्ताची वजनं मिसळलेली असतात आणि जस्त शिशात गेलं की रस साच्यात नीट भरत नाही, म्हणून जाणकार शुद्ध मऊ शिसं विकत घेतात. पाण्याचा एक थेंब जरी वितळलेल्या शिशात पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. हे काम उघड्या हवेत, कोरड्या हातांनी, चष्मा लावून करायचं असतं. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि लहान मुलांना आसपास फिरकू द्यायचं नाही.

रंगाचं तंत्र गेल्या काही दशकांत बदललं. आधी व्हिनाइलचा पातळ रंग असायचा. त्यात जिग बुडवायचा आणि टांगून वाळवायचा. आता बहुतेक जण भुकटीचा रंग वापरतात. जिगचं डोकं मेणबत्तीवर किंवा गरम हवेच्या झोताखाली काही सेकंद तापवायचं आणि रंगाच्या भुकटीतून फिरवायचं. तापलेल्या धातूवर भुकटी वितळून चिकटते. डोकं कमी तापलं तर भुकटी नुसती धुळीसारखी बसते, जास्त तापलं तर रंगाचे ओघळ येतात. भुकटी हलकी आणि भुसभुशीत राहावी म्हणून लोकांनी घरच्या घरी एक युक्ती काढली. प्लास्टिकच्या नळाच्या तुकड्याला तळाशी कॉफी गाळायचा कागद ताणून लावायचा आणि खालून मत्स्यालयाच्या पंपाची हवा सोडायची. भुकटी हवेवर तरंगते, जवळजवळ पाण्यासारखी वागते आणि डोक्यावर सारखा थर बसतो. मग जिग छोट्या ओव्हनमध्ये टांगून सुमारे 175 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचे. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधी पाव शेकायचा नाही. भाजलेला रंग इतका कठीण होतो की खडकावर आपटूनही सहजी उडत नाही. नेढ्यात भरलेला रंग सुईने मोकळा करायचा आणि तिथून आखणी सुरू होते.

आखणी हा शब्द मी पेणहून उचलला आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे, साच्यातून मूर्ती काढणारे, अंग रंगवणारे हात पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी मोजक्याच कारागिरांकडे जाते. जिगच्या कामातही श्रम आणि धोका ओतकामात आहेत, कौशल्य रंगाच्या थरात आहे, तरी माणूस श्वास रोखतो तो डोळा काढताना. मूर्तीच्या डोळ्यांत भक्त तासन्‌तास पाहतो. जिगचा डोळा पाहणारा मात्र तो निमिषभरच पाहतो, आणि तेवढ्या वेळात तोंड उघडायचं की नाही हे ठरवतो. तेव्हा जिगच्या आखणीतली बारकाई कुठे वापरायची आणि कुठे सोडून द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

ब्रशने जिगवर गोल डोळा काढता येत नाही. ब्रशचा ठिपका लांबट होतो किंवा त्याला कोपरा येतो. त्यासाठी वापरतात खिळा. खिळ्याचं सपाट डोकं रंगाच्या थेंबाला हलकेच टेकवायचं, मग ते जिगच्या डोक्यावर सरळ टेकवून सरळच उचलायचं. रंग पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतो, आणि वाळल्यावर किंचित फुगीर राहतो, खऱ्या डोळ्यासारखा. वेगवेगळ्या मापाचे खिळे, लाकडी काड्या, ड्रिलच्या पात्याचा मागचा सपाट दांडा, पेन्सिलीमागचं खोडरबर, शिवणकामातल्या गोल डोक्याच्या टाचण्या, असा सगळा संच लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून मापाच्या क्रमाने उभा करून ठेवतात. मोठ्या डोक्याचा खिळा बुबुळासाठी, त्याच्या निम्मा बाहुलीसाठी. बर्फात भोक पाडून मासेमारी करणाऱ्यांचे जिग फार लहान असतात, त्यांच्या बाहुलीला टाचणीचं टोकच लागतं.

रंगाचा दाटपणा हातालाच कळतो. पातळ रंग डोक्याच्या उतारावरून खाली ओघळतो आणि डोळा रडका दिसतो. फार दाट रंगातून खिळा उचलताना मागे शेंडी राहते. रंग नेहमी थोडासाच बाहेर काढायचा, कारण उघड्यावर तो पाच-दहा मिनिटांत दाटायला लागतो. खिळ्याला प्रत्येक वेळी सारखाच रंग लागावा म्हणून थेंब कागदावर पसरट करून ठेवतात. पहिला ठिपका कागदावरच मारून पाहायचा, दुसरा जिगवर. सगळ्या जिगची एक बाजू आधी संपवायची आणि मग दुसरी, म्हणजे हात एकाच कोनात चालत राहतो. बुबुळ पूर्ण वाळल्याशिवाय बाहुली द्यायची नाही, नाहीतर काळा रंग पांढऱ्यात शिरून करडा डाग पडतो. बाहुली बरोबर मध्यात दिली तर जिग टक लावून पाहतोय असं वाटतं. पुष्कळ जण ती किंचित पुढे आणि खाली सरकवतात, म्हणजे पळणाऱ्या माशाची नजर येते. मला मध्यातली बाहुली जास्त आवडते. साडेसहा मिलिमीटरच्या गोळीवर नजर दाखवायला जागा नसते, आणि दोन्ही बाजूंचे डोळे एकाच उंचीवर आले तरी पुष्कळ झालं.

या सगळ्यावर शेवटी पारदर्शक थर द्यावा लागतो आणि नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. नेलपॉलिशने काढलेल्या डोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिश फिरवलं की त्यातल्या द्रावकाने खालचा रंग विरघळतो आणि बाहुली ब्रशबरोबर ओढली जाते. मार्करने काढलेली बाहुलीही अशीच फासली जाते. रंग एका जातीचा आणि वरचा थर दुसऱ्या जातीचा असला की हे होत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकने डोळा काढायचा, तो रात्रभर वाळू द्यायचा आणि वर दोन भाग मिसळून होणारा इपॉक्सी किंवा अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन लावायचं. इपॉक्सी ओघळू नये म्हणून जिग हळू फिरणाऱ्या चाकावर लावून ठेवतात. हा टप्पा धीराचा आहे. घरातल्या मुलांच्या हाती देता येण्याजोगा टप्पा मात्र त्याच्या आधीचा, डोळ्याचाच. शिसं रंगाखाली गेलेलं असतं, आग विझलेली असते, आणि खिळ्याने गोल ठिपका उमटवण्यात आठ वर्षांच्या मुलालाही यश येतं. त्यानेही नंतर हात धुवायचेच.

खोट्या आमिषाला डोळा देण्याची रीत जुनी आहे. मिशिगनमधल्या डाउजिॲक गावात जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाची आमिषं कोरायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीच्या सुरुवातीच्या लाकडी माशांना काचेचे डोळे असत. आज जुनी आमिषं जमवणारे लोक एखादा नमुना कोणत्या काळातला हे ठरवताना सर्वांत आधी त्याचा डोळा पाहतात: काचेचा आहे, चुकेसारखा ठोकलेला आहे की रंगवलेला. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या मच्छीमाराने 1936 साली बुचापासून पहिलं आमिष कोरलं. चॉकलेटची चांदी त्यावर गुंडाळून त्याने माशाचं चकचकीत अंग केलं आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा थर देऊन ते पाण्यापासून राखलं. मोठा मासा थव्यातल्या लंगडत पोहणाऱ्या लहान माशावर झडप घालतो हे त्याने पाहिलं होतं, म्हणून सगळा जोर त्या लंगडण्यावर दिला. डोळा आमिषाला होता, पण काम चाल करत होती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

तिसरं उदाहरण मला सर्वांत उद्‌बोधक वाटतं. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर वाटाड्याचं काम करणारे बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात स्मॉलमाउथ बास या माशासाठी एक आमिष बांधलं. हरणाच्या शेपटीचे थोडे केस, थोडा चमकता धागा, आणि गळाच्या दांड्यावर आडवे बांधलेले शिशाचे दोन जोडलेले गोळे, डंबेलच्या आकाराचे. त्या गोळ्यांवर डोळे रंगवले. वजन दांड्याच्या एका बाजूला असल्याने गळ पाण्यात उलटतो आणि टोक वर ठेवून चालतो, म्हणून तो तळाच्या दगडांत अडकत नाही. लेफ्टी क्रे या मासेमारीच्या नामवंत लेखकाने त्याला ‘क्लाउझर डीप मिनो’ हे नाव दिलं आणि ते जगभर गेलं. इथे डोळा हीच जड वस्तू आहे. बुडणं, उसळणं, उलटणं हे सगळं डोळेच करतात आणि दिसण्याचं कामही तेच करतात. घरी जिग करणाऱ्यांनी या आमिषाकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

आता माशाकडून पाहू. माशाच्या डोळ्यात भिंग पूर्ण गोल असतं. जमिनीवरच्या प्राण्यांच्या डोळ्यात प्रकाश वाकवण्याचं बरंचसं काम डोळ्याचा पारदर्शक पडदा करतो. पाण्यात त्या पडद्याचा उपयोग होत नाही, कारण पडदा आणि पाणी दोघंही प्रकाश जवळजवळ सारखाच वाकवतात. म्हणून सगळा भार भिंगावर पडतो आणि ते गोटीसारखं गोल होतं. हे भिंग बाहुलीतून थोडं बाहेर डोकावतं, त्यामुळे माशाला बाजूचं आणि वरचं खूप दिसतं. बहुतेक माशांना पापणी नसते. बाहुली काळी असते कारण तिच्यातून आत गेलेला प्रकाश परत येत नाही, आणि यात माशाची एक मोठी अडचण आहे. रुपेरी मासा आपल्या खवल्यांचा आरसा करून पाण्यात जवळजवळ अदृश्य होतो. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन यांनी या आरशांवर पुष्कळ काम केलं. पण पाहणाऱ्या बाहुलीचा आरसा करता येत नाही. सगळं अंग लपलं तरी एक काळा, गोल, कडा स्पष्ट असलेला ठिपका उरतो.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी 1940 सालच्या ‘ॲडॅप्टिव्ह कलरेशन इन ॲनिमल्स’ या ग्रंथात डोळा लपवण्याच्या युक्त्यांवर विस्ताराने लिहिलं आहे. प्रवाळांतल्या कित्येक फुलपाखरू माशांच्या डोळ्यावरून काळा पट्टा जातो, डोळा त्यात बुडून जातो, आणि शेपटीजवळ मात्र एक खोटा डोळा उमटलेला असतो. आपल्या नद्यांतल्या मोठ्या मरळीच्या पिल्लालाही शेपटीच्या बुडाशी कडा असलेला गोल काळा ठिपका असतो. शिकारी मासा डोळ्याकडे पाहतो हे निसर्गातल्या इतक्या खोट्या डोळ्यांवरून दिसतंच. त्याचा काटेकोर पुरावा 2013 साली आला.

फिनलंडमधल्या कारिन क्येर्न्स्मो आणि सामी मेरिलैता यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशांसमोर कृत्रिम भक्ष्य ठेवलं. काहींवर डोळ्यासारखे ठिपके होते, काहींवर नव्हते. ज्यांनी आधी असं काही पाहिलं नव्हतं अशा माशांनी आपल्या डोळ्याहून लहान अशा ठिपक्यांवरच मोठ्या प्रमाणात हल्ला केला. ठिपका असल्यामुळे मासा लवकर हल्ला करायला येतो का, हेही त्यांनी मोजलं. तसं झालं नाही. ठिपका असो वा नसो, मासा यायला तेवढाच वेळ लागला. फरक पडला तो तोंड कुठे लागलं यात.

हा निष्कर्ष जिग करणाऱ्या प्रत्येकाने खिळा हातात घेण्याआधी मनात धरावा, असं मला कळकळीने वाटतं. डोळा माशाला लांबून बोलावत नाही. बोलावण्याचं काम चाल, आकार आणि सावली करतात, हे रापालाला बुच कोरतानाच उमगलं होतं. मासा जवळ आला, त्याने ठरवलं, की मग चावा कुठे घ्यायचा ती जागा डोळा दाखवतो. भक्ष्य गिळताना पाइक आणि बाससारखे शिकारी मासे ते पुष्कळदा डोक्याकडून घेतात, म्हणजे पंख आणि काटे मिटतात आणि घशात अडकत नाहीत. डोकं कुठलं हे डोळ्यावरून कळतं.

मग हिशेब सोपा होतो. अटलांटिकच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी वापरतात ते हरणाच्या केसांचे जिग बोटभर किंवा त्याहून लांब असतात. गळाचं टोक डोक्याच्या थोडं मागे आणि केस त्याच्याही बरेच मागे. मासा शेपटीच्या केसांना तोंड लावून सुटला की हातात काहीच येत नाही. तिथे डोक्यावर मोठा, ठळक डोळा हवा. याउलट एक सोळांश औंसाचा क्रॅपी जिग इतका लहान असतो की क्रॅपी तो पाण्याच्या ओढीसकट अख्खा तोंडात खेचतो. जागा दाखवायला तिथे जागाच कमी. माझ्या मते अशा जिगवर डोळा असावा, पण त्यासाठी तीन रंगांची वर्तुळं आणि सोनेरी कडा काढण्यात संध्याकाळ घालवू नये. एक पांढरा, एक काळा, पुरे. प्लास्टिकच्या बिनडोळ्यांच्या गांडुळांना बास भरपूर लागतात, कारण गांडुळाचं काम वळवळण्याने होतं आणि त्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे दिसण्यावरून सहज कळत नाही.

डोळा केवढा असावा याबाबत घरगुती कारागिरांचा कल नेहमीच मोठ्याकडे राहिला आहे. खऱ्या माशाला शोभेल त्याच्या दीडपट, कधी दुप्पट. मला हे योग्य वाटतं आणि त्याला आधारही आहे. माशाच्या पिल्लाचा डोळा त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठा असतो, तेव्हा मोठा डोळा म्हणजे कोवळं भक्ष्य. गढूळ पाण्यात बारीक तपशील हातभर अंतरावरही पुसला जातो, तिथे टिकतो तो फक्त मोठा विरोध, काळ्याभोवती उजळ.

रंगाबाबत मात्र कारागिरांच्या समजुती सैल आहेत. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली लार्जमाउथ बासची रंगदृष्टी तपासली. या माशाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच जातींच्या असतात, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. बासला लाल आणि हिरवा छान ओळखता आला. पण हिरवटसर झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत झाली, तशीच निळ्या आणि काळ्यातही. म्हणजे बाससाठी पांढऱ्या आणि त्या पिवळ्या बुबुळांच्या दोन बाटल्यांतली एक माणसाच्या समाधानासाठी आहे. लाल डोळ्याबद्दल तर पुष्कळ बोललं जातं. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, त्याखाली लाल रंग काळपटच दिसतो. उथळ पाण्यात लाल बुबुळ चालेल. खोल पाण्यात लालमध्ये काळी बाहुली काढली तर दोन्ही मिळून एकच काळा डाग होतो आणि आखणीची मेहनत फुकट जाते.

तयार चिकटवायचे डोळे आता सगळीकडे मिळतात, फुगीर, इंद्रधनुषी चमक असलेले. मोठ्या सपाट बाजूच्या जिगवर ते उत्तम बसतात, विशेषतः साच्यातच डोळ्यासाठी खोलगट जागा असेल तर. लहान गोल डोक्यावर त्यांची कड उचलली जाते आणि दोन-चार फेकींत ते निघून जातात. तिथे खिळ्याने दिलेला रंगच टिकतो.

या धंद्यात एक गोष्ट मात्र आता जाणार आहे आणि ती जावी असंच मला वाटतं. ती म्हणजे शिसं. ईशान्य अमेरिकेच्या तळ्यांवर लून नावाचा मोठा बुडी मारणारा पक्षी राहतो. अन्न दळण्यासाठी तो तळाचे खडे गिळतो आणि ते त्याच्या पेषणीत साठवतो. खड्यांबरोबर शिशाची गोळी जाते, किंवा तोंडात तुटका जिग असलेला मासा जातो. पेषणीतल्या खड्यांनी आणि आम्लाने शिसं झिजून रक्तात उतरतं आणि पक्षी काही आठवड्यांत मरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मेलेल्या प्रौढ लूनची तपासणी वर्षानुवर्षं होत आली आहे आणि ज्ञात कारणांत शिशाची मासेमारीची साधनं सर्वांत वरची आहेत. एक जिग पुरतो. ब्रिटनमध्ये हंस असेच मरत होते. तिथे 1987 साली 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. न्यू हॅम्पशायरने 2016 च्या जूनपासून एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगची विक्री आणि गोड्या पाण्यातला वापर थांबवला.

मेन राज्याचा कायदा आपल्या विषयाला थेट भिडतो. तिथे आधी बंदी आली ती उघड्या, बिनरंगाच्या लहान जिगवर. रंगवलेला जिग सुटला. रंग हे शिशावरचं कवच आहे, असा तो विचार. पण लूनची पेषणी दगड दळते, तिच्यापुढे भाजलेल्या भुकटीचा थर आणि इपॉक्सी किती दिवस टिकणार? 2023 साली कायदा बदलला. एक औंस किंवा त्याहून हलक्या, अडीच इंच किंवा त्याहून लहान रंगवलेल्या शिशाच्या जिगचीही विक्री सप्टेंबर 2024 पासून बंद झाली, आणि वापर बंद करण्यासाठी सप्टेंबर 2026 ही मुदत ठरली. रंग कितीही सुंदर दिला, डोळा कितीही नेमका काढला, तरी आत शिसं असेल तर तो जिग पाण्यात पडणं बरं नाही, हे घरी ओतणाऱ्यांनी कायद्याची वाट न पाहता मान्य करायला हवं.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाने आखणीचं गणित बदलतं. टंगस्टन शिशाहून खूप जड आहे. त्याच वजनाचं डोकं व्यासाने सहावा हिस्सा लहान होतं, डोळ्यालाही जागा कमी. आणि ते 3,422 अंशांना वितळतं, म्हणजे घरी ओतण्याचा प्रश्नच नाही, तयार डोकी विकत घ्यायची. बिस्मथ आणि कथलाचं मिश्रण घरी सहज वितळतं, साच्यातला डोळ्याचा खळगा त्यात नेमका उमटतो, कारण बिस्मथ थिजताना आक्रसत नाही, उलट फुगतं. पण हे मिश्रण 138 अंशांनाच वितळायला लागतं. भुकटीचा रंग भाजायला 175 अंश लागतात. सवयीने असे जिग ओव्हनमध्ये टांगले तर तासाभराने खाली ताटलीत धातूचं थारोळं आणि वर नुसते गळ राहतात. बिस्मथ वापरणाऱ्यांनी पुन्हा हवेत वाळणाऱ्या व्हिनाइलकडे वळायचं, आणि त्यातलं द्रावक पूर्ण उडून जाईपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही.

भुकटीचा रंग सोडायचा नसेल तर निव्वळ कथील घ्यावं. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करायला वापरतात तेच. ते 232 अंशांना वितळतं, त्यामुळे रंग भाजताना डोकं शाबूत राहतं. ते हलकं आहे, शिशाच्या साच्यात ओतलं तर वजन एक तृतीयांशाहून थोडं जास्त घटतं आणि जिग सावकाश बुडतो. वाहत्या नदीत ही अडचण आहे. क्रॅपीसाठी मात्र ती सोयच ठरते, कारण गार पाण्यात सुस्तावलेला क्रॅपी वरून हळूहळू उतरणारं आमिषच पसंत करतो. शिशाइतकंच वजन हवं असेल तर डोकं साडेसहाऐवजी पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास करावं लागतं. म्हणजे साचा पुढच्या मापाचा घ्यायचा, आणि ठोकळ्यातला खिळाही.